कराशोकीची तेरा वर्षं

रविवारी माझ्या लेकीची, इंजूची दोरी कापायची होती, आणि कात्री कोणाच्या हातात द्यायची हे एनेंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मूल पहिलं पाऊल टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची पिळलेली दोरी बांधायची, ती कापायची आणि त्याला पांढऱ्या कापडावरून चालवायचं. पण जी बाई दोरी कापते तिची चाल मुलात उतरते. नुसती पायांची नाही, सगळीच.

"गुल्झिरा कापेल," एने पीठ मळता मळता म्हणाल्या. "वाऱ्यासारखी चालते बाई. शिवाय तोलेगेनची बायको. तुझा नोकरीचा करार याच महिन्यात संपतोय ना?"

संपत होता, आणि तोलेगेन आगा आमचे संचालक. कॉलेजात मी असल्या गोष्टींना हसायचे. पण इंजू झाल्यापासून मला कशाकशाची भीती वाटते. दाराच्या फटीची, गरम चहाच्या पेल्याची, तिच्यात कोणाचं काय उतरेल याची. नवरा पंधरा दिवस समुद्रातल्या तेलविहिरीवर असतो. तेवढे दिवस ही भीती मी एकटीच सांभाळते.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. जमिनीखाली असलेल्या, कोणी न पाहिलेल्या तेलाची किंमत करायची. आमच्या प्रांताच्या संपत्तीच्या तक्त्यात रेल्वे होती, इमारती होत्या, घोडे-मेंढ्याही होत्या. यंदा त्यांच्या शेजारी पहिल्यांदाच कराशोकीच्या तेलक्षेत्रातलं तेल बसणार होतं.

हे काम मला शिकवलं कलाम्पिर आपायनी, म्हणजे ऑफिसातल्या थोरल्या ताईंनी. एकाहत्तर वर्षांच्या. तरुणपणी खोदकामावर पायावर पाइप पडला, तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. टेबलावर विहिरीतून काढलेला तपकिरी दगड ठेवतात. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा तो माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "चाट." मी चाटला. खारट लागला, वर रॉकेलचा वास.

"हां. आता तरी तुला कळलं आपण कशाची किंमत करतोय. वरचे लोक न चाटताच करतात."

मग म्हणाल्या, "तीस वर्षांनी मिळणारी घोडी आज कितीला घेशील?"

"आजच्या घोडीच्या एक तृतीयांश. तेवढंही नाही."

"का?"

"तोवर वाट बघायची, आपाय. आणि ती येईल की नाही कोणी सांगावं?"

"झालं की मग! काढायचा खर्च वजा करून दर वर्षीच्या तेलाचं जे उरतं, ते असंच हलकं करत करत, विहीर आटेपर्यंतची सगळी वर्षं एकावर एक ठेवायची. त्या ढिगाला म्हणायचं देशाची संपत्ती."

इतकं सोपं करून मला कुठल्याच प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं. तेलाचे त्या तीन भाग करायच्या: हाताला लागलेलं, असावं असं वाटणारं, आणि असायला हवं असं वाटणारं. तक्त्यात फक्त पहिलं घ्यायच्या. बाकीच्या दोन भागांसाठी कोणी आग्रह धरला की विचारायच्या, "तुझ्या स्वप्नातल्या मेंढ्यांची लोकर कापतोस का रे?"

बुधवारी आमचा आकडा तयार झाला. कराशोकी त्रेचाळीस वर्षं पुरेल. तोलेगेन आगांनी तिथल्या तिथे राजधानीत, अस्तानाला फोन लावला आणि सगळ्या विभागाला घोड्याच्या मांसाचं सॉसेज खिलवलं.

शुक्रवारी कागद सहीला जायचे होते. इंजूच्या दाढा येत होत्या, दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आकडे शेवटचे ताडून बघताना खडकाच्या चौथ्या थरापाशी मी थांबले. अडतीस. अडतीस दशलक्ष टन.

सोव्हिएत काळातल्या त्या टाइप केलेल्या तक्त्यांत दोन रकाने शेजारी शेजारी असतात. दगडात किती आहे तो ठळक, अभिमानानं टाइप केलेला. त्यातलं वर किती येईल तो अरुंद, पेन्सिलीनं भरलेला. त्या काळी पहिल्यासाठी बक्षिसं मिळत. मी अडतीस उचलले होते. पेन्सिलीनं लिहिलं होतं, बारा.

पलीकडे आपाय चष्मा पुसत होत्या, पेन उघडून ठेवलेलं. कोणाला कळलं असतं? मला इंजूचे घोटे दिसले, आणि त्यांवर कात्री घेऊन वाकलेलं कोणीतरी. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आपाय, चौथा थर. मी चुकीचा रकाना घेतला."

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "अडतीस! अगं, या थरानं एवढं दिलं तर मी त्याच्याशी लग्न करीन." मग हसू थांबलं. "चल. तोलेगेनकडे."

तोलेगेन आगांनी ऐकून घेतलं आणि टाय सैल केला. "किंमत कितीनं उतरते?"

"शंभरातले पंधरा," आपाय म्हणाल्या.

"पंधराच ना? तेलाचा भाव एका हिवाळ्यात याहून जास्त घसरतो. आत्ता जाऊ द्या आपाय, पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त करू."

"लांबची वर्षं आपण हलकी धरतो म्हणून पंधरा. वर्षं किती उतरतात ते विचार ना."

"किती?"

आपायनी माझ्याकडे पाहिलं.

"तेरा," मी म्हटलं. "त्रेचाळीसची तीस."

"हिची पोरगी एक वर्षाची आहे," आपाय म्हणाल्या. "ती एकतीसची होईल तेव्हा विहीर कोरडी. तिला चव्वेचाळीस सांगायचं? तू या आकड्यावर वस्ती वसवशील, शाळा बांधशील, माणसं बोलावशील. मी बोलावली होती. एकोणऐंशी साली, अशाच फुगलेल्या आकड्यावर सही करून. चारशे मुलांची शाळा बांधली. नवव्या वर्षी विहिरींतून तेलाऐवजी पाणी यायला लागलं. आता त्या वर्गांत मेंढ्या बांधतात. मी दर वसंतात जाऊन बघून येते."

"मी वर सांगून बसलोय हो. तोंड कुठे लपवू?"

"माझ्या मागे लपव. मी चांगली रुंद आहे."

तोलेगेन आगांना हसू आलं, पण आवरलं. "चूक कोणाची?"

"सही माझीच असणार, म्हणजे—" आपाय म्हणू लागल्या.

"माझी," मी मध्येच म्हटलं. "आकडा मी उचलला, आगा."

"मार्झान, तुझा करार इथेच माझ्या टेबलावर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तोलेगेन आगांनी फोन उचलला. "अस्ताना? हां, मीच. तो त्रेचाळीसचा आकडा खोडा. तीस लिहा. नाही, किंमत नंतर, आधी वर्षं लिहा."

करार वर्षाऐवजी सहा महिन्यांचा मिळाला. सहीखाली त्यांनी लिहिलं होतं: तक्ते दोनदा तपासावेत.

घरी येऊन मी एनेंना सांगितलं, "दोरी कलाम्पिर आपाय कापतील."

"ती लंगडी? डोकं ठिकाणावर आहे का, सूनबाई? पोर जन्मभर पाय ओढेल!"

ती भीती मलाही होती. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "ओढू दे थोडा. पण जिथे पाय ठेवेल तिथे जमीन आहे का ते आधी बघेल."

एने पातेल्यांशी आदळआपट करत राहिल्या. पण आपायना आहेर म्हणून द्यायचं कापड त्यांनी स्वतःच्या पेटीतलं, सगळ्यात जाड, काढून ठेवलं.

आपायनाच पटवणं अवघड गेलं. "मी? पोरी, माझा पाय बघितलास का?"

"रोज बघते, आपाय."

रविवारी गुल्झिरा सगळ्यांच्या आधी आली आणि मूठ मूठ गोळ्या-चॉकलेटं उधळायला लागली. आपाय हुश्श करत जमिनीवर बसल्या, चष्मा लावला, दोरी बोटांत धरून दोनदा तपासली आणि मग कापली. इंजूचं एक बोट धरून त्या उठल्या.

इंजूनं पाऊल टाकलं आणि थांबली. आपायचा डावा पाय मागून ओढत आला, शेजारी टेकला. मग इंजूनं दुसरं टाकलं. पुन्हा थांबली, वर बघितलं, तो पाय येईपर्यंत उभी राहिली. सगळे ओरडत होते, चॉकलेटं डोक्यावर पडत होती, तिचं कशाकडे लक्ष नव्हतं. कापड संपेपर्यंत दोघी अशाच गेल्या.

एने मोठ्यानं पावलं मोजत होत्या. नवावर थांबून डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलीस? आपायना चहा दे. दूध जास्त घाल."