वाकड्या देठाची अळंबी

माझ्या सासऱ्यांनी, वेंडेलिन यांनी, साठ वर्षं एक गुपित पोटात ठेवलं: त्यांची अळंबी कुठे उगवते. आमच्या यिझेराच्या डोंगरात माणूस एकवेळ आपला आजार सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. सासूबाई ती जागा न कळताच गेल्या, कारण त्या बहिणीजवळ बोलल्या असत्या. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाबांनी कधी सांगितली नाही, कारण दुसऱ्या बिअरनंतर राडिमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा नाइलाजाने त्यांनी मला बरोबर नेलं. जाताना तीनदा उगाच वाट वाकडी केली. जागा निघाली जुन्या, केव्हाच पडून गेलेल्या काचभट्टीमागे, काटेरी झुडपांच्या पलीकडे. भट्टीतून फेकलेल्या हिरव्या काचेची ढेकळं तिथे अजून शेवाळात पडली आहेत. त्यातल्या एका ढेकळाला वळसा घालून एक अळंबी वर आली होती. जाडजूड, तपकिरी टोपीची, गर्दीतून वाट काढणाऱ्या लठ्ठ बाईसारखी एका अंगाला कललेली. बाबा सुरी काढून वाकले आणि मी म्हटलं, "थांबा, मला हिला नीट बघू द्या."

वीस वर्षं मी बर्नरच्या ज्योतीवर काचेचे कोंबडे आणि हंस करते आहे. लोक घेतात, कपाटात ठेवतात, विसरतात. या अळंबीने मात्र माझी झोप उडवली, आणि मी ती काचेत करायला घेतली. ज्योतीत सगळी काच नारिंगीच दिसते, तपकिरी कुठली आणि पिवळी कुठली हे मनानेच लक्षात ठेवायचं. तीन अळंब्या फुटल्या. चौथी मनासारखी झाली: टोपीवर गोगलगायीने खाल्लेली जागा, खाली शेवाळ, आणि देठाला खेटून हिरवं ढेकूळ.

गावच्या अळंबी मंडळाच्या प्रदर्शनात ती मांडायची होती. दोन दिवस असताना बाबांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिली.

"द्राहा, हे हिरवं काय आहे?"

"ढेकूळ. तिथे होतं ना, बाबा."

"या गावात सगळे काच करणारे राहतात. हे बघून शेंबडं पोरसुद्धा म्हणेल, जुनी भट्टी. त्यापेक्षा नकाशा छापून वाट की."

खरंच की. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दिसलं तसं केलं होतं. अळंबी पुन्हा घरच्या छोट्या भट्टीत हळूहळू तापवली, जोड ज्योतीत मऊ केला आणि ढेकूळ चिमट्याने ओढून काढलं. जीव मुठीत धरून केलं सगळं. भोकावर काचेचं शेवाळ ओढून घेतलं.

सप्टेंबरअखेर, संत वाच्लावच्या सणाला, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये अळंबी मंडळाचं प्रदर्शन भरलं. ताटल्यांत खऱ्या अळंब्या, मधोमध माझी काचेची. मंडळाचे अध्यक्ष क्रोपाचेक, निवृत्त वनरक्षक, चष्मा लावून वाकले.

"रंग झकास," ते म्हणाले. "गोगलगायीचे दातसुद्धा आहेत. पण देठ? देठ उगाच वाकत नसतो. दगड, मूळ, काहीतरी आडवं यावं लागतं. इथे तर काहीच नाही. पोरी, तू ही चित्रात बघून केलीस."

"कोंबडेच बरे जमतात तिला," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ती जागा माझी नव्हती, बाबांची होती. बाबा मंडळाने वाढलेल्या सूपमध्ये चमचा ढवळत बसले होते.

"चित्रात?" बाबा काठी टेकत उठले. "क्रोपाचेक, तुला चाळीस वर्षं जंगलखात्याने फुकट पोसलं. तो देठ हिरव्या काचेच्या ढेकळाला वळसा घालून आलाय. मी या डोळ्यांनी पाहिलाय. हिने ढेकूळ केलं होतं, मीच काढायला लावलं. जुन्या भट्टीमागे, काट्यांच्या पलीकडे, पडक्या भिंतीच्या उत्तरेला. जा, बघून ये."

मग बेकरीवाल्या बाईंना चुलीवरचं दूध आठवलं. कुणाला गाय आठवली, कुणाची पाठ दुखायला लागली. दहा मिनिटांत हॉल रिकामा. टेबलाखालच्या टोपल्या मात्र एकही माणूस विसरला नाही. शेवटी उरले क्रोपाचेक. त्यांनी चष्मा काढला, "माझं चुकलं, द्राहा," म्हणाले, आणि तेही लगबगीने दाराकडे वळले.

"बाबा," मी म्हटलं, "साठ वर्षं सांभाळलं तुम्ही."

"तो तुझ्या कामाला खोटं म्हणाला. मी काय सूप पीत बसू?" त्यांनी काचेच्या देठावरून बोट फिरवलं, अगदी मुळापर्यंत. "ते ढेकूळ परत बसवता येईल?"

"एकदा तापवून झाली. आता परत तापवली तर फुटेल."

"मग नवी कर. या वेळी काही लपवू नकोस."

मी अळंबी कागदात गुंडाळली आणि बाबांना हात देत दाराकडे निघाले.