चौदा फुटांचं धुराडं

नव्या कायद्याने खात्यात सगळ्यांची पळता भुई थोडी झाली होती. प्रत्येक नियमामागचं कारण लेखी दाखवा, नाही तर नियम रद्द! इतकी वर्षं नियम काढताना कारण विचारलं होतं कुणी?

विभागप्रमुख बाईंचा जीव मात्र एकाच नियमात अडकला होता. बेकरीचं धुराडं छपरापासून चौदा फूट उंच हवं. याच नियमावर बोट ठेवून गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावाच्या बेकरीला सील लागलं होतं. त्याच्या जुन्या भिंती नऊ फुटांहून उंच धुराडं पेलतच नव्हत्या. तो रडकुंडीला येऊन सांगायला आला, तर बाईंनी त्यालाच झापलं होतं. "तज्ज्ञांनी मोजूनमापूनच ठरवलं असेल ना? तू काय शहाणा लागून गेलास?"

तेव्हापासून भावाने त्यांच्या घराची पायरी चढली नव्हती. आता तो दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळत होता. नियमाला कारण नाही असं निघालं, तर त्याचं सील निघणार होतं. तरीही कारण सापडावं, असंच बाईंना मनातून वाटत होतं. माणूस आपलं म्हणणं खरं करायला काय काय इच्छितो!

त्यांनी ताजी फाइल उघडली. कारण : मागीलप्रमाणे. मागची उघडली. मागीलप्रमाणे. अशा पाच फायली झाल्या. सर्वांत तळाशी सव्वीस वर्षांपूर्वीचा पहिला मसुदा निघाला. कारणाचा रकाना कोरा होता आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मोजमाप यायचे आहे. तूर्त कलमाचाच आकडा टाकला.'

बाईंनी कागद उजेडाकडे धरला. अक्षर त्यांचंच होतं.

नोकरीला लागून तेव्हा तीन आठवडे झाले होते. रिकामी जागा दिसली की छापखाना मसुदा परत पाठवायचा, म्हणून तिथे कलमाचा क्रमांक भरून द्यायची खात्याची रीत होती. नंतर दुरुस्ती करायची. हे कलम चौदावं होतं. मोजमाप कधी आलंच नाही आणि बाईंची बदली झाली.

सहायकाने दारातून डोकावून विचारलं, "सापडलं का, बाई? नाही तर 'जनहितार्थ' लिहून टाका. कोण बघतंय?"

बाईंनी त्याला हातानेच घालवलं आणि भावाला फोन लावला. त्याच्या मागे पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं.

"बोल, ताई. नव्या कायद्याचं वाचलं पेपरात. आमच्या धुराड्याचं कारण मिळालं का गं? असलं तर माझी तक्रार नाही. त्या धुरापासून कुणाचा तरी जीव वाचला असेल, असंच मनाला समजावतोय वर्षभर."

"कुणाचा नाही रे," बाई म्हणाल्या. "तो आकडा मीच टाकला होता. जागा भरायची म्हणून. आता नियम रद्द होईल, तुझं सील निघेल."

पलीकडे त्याने यंत्र बंद केलं.

"ताई, भट्टी परवाच पाडली मी," तो म्हणाला. "परवानगी काढून. विटासुद्धा विकल्या."

बाईंनी फोन तसाच कानाला धरून ठेवला.