उभं राहिलेलं मत

शुक्रवारी सुरू झालेली पालिकेची सभा शनिवारची दुपार टळली तरी संपत नव्हती. कॉफी उकळून उकळून कडू झाली होती, वॅफल चिवट झाले होते आणि नगराध्यक्ष आस्ब्यर्न तोच ठराव पुन्हा वाचत होता.

ठराव ओस्लोहून आलेला. तिथे सरकारातल्या दोन पक्षांचं जमेना. एकाला आमच्या बेटापलीकडे समुद्रात तेलाच्या विहिरी खणायच्या होत्या, दुसऱ्याला पवनचक्क्यांसाठी पैसा हवा होता. दोघांच्याही पदरात काहीतरी टाकून तोड निघाली, आणि वर म्हणे किनाऱ्यावरच्या पालिकांनी आधी हो म्हणावं. म्हणजे उद्या मासा पळाला तर बोट आमच्याकडे दाखवायला हे मोकळे!

विहिरी खणायच्या होत्या त्या नेमक्या कॉड मासा अंडी घालायला येतो तिथे. माझा भाऊ हालवार तिथेच जाळी टाकतो, आमचे वडीलही तिथेच टाकायचे. तरी मी आस्ब्यर्नला हो म्हणाले होते. पवनचक्क्या येतील, बेटावर कामं येतील, तरणी पोरं इथेच राहतील, असं तो माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगून गेला होता. हालवारने तेव्हापासून माझ्याकडे येणंच सोडलं.

सभेत दोन तट अगदी सारखे. माझ्या छोट्या पक्षाची मी एकटी, त्यामुळे पारडं माझ्या हाती.

आमची मत द्यायची रीत सोपी आहे. मान्य असेल त्याने बसून राहायचं, नसेल त्याने उभं राहायचं.

"पुरे झालं. मत घेतो," आस्ब्यर्न म्हणाला, आणि समोरच्या चर्चची घंटा सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी ही घंटा रविवार लागल्याची वर्दी देते. ती वाजली की असेन तिथे उभं राहून प्रार्थना म्हणायची, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. मी उभी राहिले, डोळे मिटले.

उघडले तर सगळे माझ्याकडेच बघत होते.

"ठराव पडला," कारकून सिग्ने म्हणाली. "एका मताने."

"अगं डाग्नी!" आस्ब्यर्नने टेबलावर हात आपटला. "शब्द दिला होतास ना?"

"मी प्रार्थनेला उभी होते."

मच्छीमारांच्या बाजूचा यॉस्टाइन उभ्याउभ्याच हसला. "देवाने मत दिलं म्हणा की! त्याचा पक्ष कोणता, तेवढं विचारून घ्या."

"तू गप्प बस रे!"

"बसलो तर माझं मत बदलेल."

आस्ब्यर्नने कपाळ चोळलं. "चूक झाली, ठीक आहे. सिग्ने, पुन्हा मत घे. डाग्नी, तू बस बघू."

लहान पोरीला सांगावं तसं. मी खुर्चीकडे हात नेलाही होता.

"पवनचक्क्यांचं कलम एकदा वाच," मी म्हणाले.

"आता कितव्यांदा?"

"शेवटचं."

त्याने भरभर वाचलं. "शक्यतोवर निधीचा विचार करण्यात येईल."

"आणि तेलाचं?"

"पुढच्या वसंतात खोदकाम सुरू होईल."

"आस्ब्यर्न, तेलाला वसंत आणि वाऱ्याला 'शक्यतोवर'? मला तू पवनचक्क्या येतील म्हणाला होतास. ते 'शक्यतोवर' काढ, मी बसते."

तो चरफडत बाहेर ओस्लोला फोन करायला गेला. आम्ही सगळे वाट बघत. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"एक शब्द हलवला तरी सगळी तडजोड मोडेल म्हणतात."

"इतकी कच्ची आहे?"

"डाग्नी, देवासाठी तरी बस. तुझी घंटा केव्हाच थांबली."

"ठाऊक आहे. आता मी माझ्यासाठी उभी आहे. सिग्ने, लिहून घे बाई."

सिग्नेने लिहिलं. आस्ब्यर्न डोकं धरून बसला.

"सोमवारी ते नवा मसुदा पाठवतील, बघ."

"पाठवू देत," मी म्हणाले. "आता घरी जा सगळे. उद्या रविवार आहे."