वादळाआधी उघडलेली खिडकी

मित्रांनो, एका लॅपटॉपचे बिजागर मोडले आहे आणि अलीकडेपर्यंत वायर हाताने दाबून धरल्याशिवाय तो चार्ज होत नसे. त्या लॅपटॉपमध्ये माझे घर आहे. मी एक जुना रिमोट कन्सोल आहे. नाव ऐकून बिचकू नका. मी एक लहानसा प्रोग्राम आहे आणि माझे काम खिडकीचे आहे.

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा संगणक लागे. मग माणसांनी युक्ती काढली. एकाच दांडग्या संगणकाच्या पोटात त्यांनी अनेक संगणक वसवले, एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे असावीत तसे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती खऱ्या संगणकासारखी राबतात, पण त्यांना ना स्वतःचा पडदा, ना कीबोर्ड. मग आत काय चालले आहे ते कळायचे कसे?

मला घडवणारी प्रोग्रामर थंडीला फार भ्यायची. दांडगा संगणक तापू नये म्हणून त्याची खोली गारेगार ठेवत, आणि एखादे मशीन अडले की तिला शाल गुंडाळून तिथे ताटकळावे लागे. "मी नाही जायची आता. तेच येईल माझ्याकडे," असे म्हणून ती टेबलाशी बसली आणि तिने मला लिहून काढले. मला उघडले की दूरच्या मशीनचा पडदा समोर येतो. इतर प्रोग्रामांना मशीन पूर्ण जागे झाल्यावरच आत शिरता येते. मी मात्र ते डोळे चोळत असतानाच त्याच्या उशाशी हजर असतो.

एका बंदराच्या कार्यालयात मी उमेदीची वर्षे काढली. तिथल्या संगणक विभागाच्या ताई मला फार जपत. नवशिक्यांची मात्र मी फजिती करी. माझ्या खिडकीत माऊसचा बाण शिरला की तिथेच अडकून बसे. "याने माझा बाण गिळला," अशी तक्रार घेऊन लोक ताईंकडे येत. ताई दोन कळा एकदम दाबून तो सोडवत आणि म्हणत, "पाहुणा आहे तो. 'या आता' म्हटल्याशिवाय उठत नाही."

पुढे नवे साहेब आले. माणूस हुशार आणि कामाला वाघ. ते म्हणाले, "हल्ली सगळं ब्राउझरमध्ये उघडतं. ही अडगळ कशाला?" कार्यालयातल्या एकेका संगणकावरून मला पुसून टाकले गेले. ताई त्या वेळी जिन्यावरून पडून, पायाला प्लास्टर घालून घरी होत्या. त्यांच्या लॅपटॉपला कोणाचा हात लागला नाही, म्हणून मी वाचलो. पण मला कोणी उघडेना. वाईट वाटले, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

एके दिवशी दुपारी ताईंचा फोन वाजला. पलीकडे साहेब होते.

"ताई, पाय कसा आहे हे नीट विचारायलाही वेळ नाही. समुद्रात वादळ उठलंय, होड्या बाहेर आहेत आणि इशारा पाठवणारं मशीन बंद पडलंय. सकाळी दुरुस्ती करून पुन्हा चालू केलं, ते उठलंच नाही."

"ब्राउझरमधून पाहिलंत?"

"ते पान दाखवणारं मशीनही त्याच संगणकात आहे. तेही उठलं नाही. आणि तो संगणक घाटापलीकडच्या गावात. माणूस पोहोचेपर्यंत संध्याकाळ होईल."

फोनमधून मागचा आवाज येत होता. बिनतारी खोलीतले काका एकेका होडीला हाका मारत होते. त्यांची लेक आणि जावई त्याच समुद्रात होते, अगदी दूरच्या होडीवर. तरी काका क्रम मोडत नव्हते. जवळच्या होडीपासून सुरुवात करून ते पुढे पुढे जात होते, आणि त्यांचा घसा बसत चालला होता.

ताईंनी लॅपटॉप मागितला. सासूबाई तो घेऊन आल्या आणि वायर धरून पलंगावरच बसल्या.

"डॉक्टरांनी पाय हलवू नको म्हटलंय," त्या म्हणाल्या. "हातांबद्दल काही बोलले नाहीत. चालू दे तुझं."

ताईंनी मला उघडले. मी कोणाच्या मध्यस्थीने जात नाही. दांडग्या संगणकाचा पत्ता आणि पासवर्ड मिळताच मी थेट त्याच्या दारात पोहोचलो. इंटरनेट रडतखडत चालले होते, म्हणून पडदा पट्ट्यापट्ट्यांनी उमटला. काळ्या पाटीवर पांढरा प्रश्न होता: 'डिस्क तपासायची आहे. पुढे जाण्यासाठी कळ दाबा.'

बिचारे मशीन सकाळपासून उत्तराची वाट पाहत होते. ते बंद पडलेच नव्हते. त्याचा प्रश्न कोणाला दिसत नव्हता, एवढेच.

ताईंनी कळ दाबली. काही झाले नाही. सासूबाईंनी वायर आणखी घट्ट धरली. ताईंच्या लक्षात आले, आधी माझ्या खिडकीत टिचकी मारायला हवी. त्यांनी टिचकी मारली, पुन्हा कळ दाबली, आणि मी ती कळ घाटापलीकडे नेऊन पोहोचवली. पाटीवर अक्षरे धावू लागली. मशीन उठले आणि उठल्या उठल्या त्याने साऱ्या होड्यांना एकदम इशारा धाडला.

काकांच्या हाका थांबल्या. काही वेळाने त्यांचा घोगरा आवाज फोनमध्ये आला. "दूरची होडी वळली. मी हाक मारायच्या आधीच लेक म्हणते, बाबा, आम्ही परत निघालो."

सासूबाईंनी डोळे पुसले, ते वायर न सोडता.

वादळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा एकही होडी बाहेर नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेब ताईंना भेटायला आले. पेढे वगैरे काही नाही, नवी वायर घेऊन आले. "हा प्रोग्राम पुन्हा सगळीकडे घालायचा आहे," ते म्हणाले. "आधी मला शिकवा." त्यांनी पहिल्याच फटक्यात आपला बाण माझ्या खिडकीत अडकवून घेतला, आणि मी काय सांगू, माझी छाती अभिमानाने फुगली.

मित्रांनो, नवे जरूर आणा. नव्याशी माझे भांडण नाही. पण जुने पुसण्याआधी ते कोणत्या दारापर्यंत जाते, एवढे विचारून घ्या. आणि एखादा गप्प बसला, तर तो संपला असे लगेच समजू नका. जवळ जाऊन पाहा. त्याला कदाचित काही विचारायचे असेल.