कोंबड्यांसाठी लिहिलेली पाटी

मक्याचे भाव चढले तेव्हा सुशीलने बुटीबोरीजवळच्या आपल्या पोल्ट्रीमागे अर्धा एकर कसावा लावला. मक्यात थोडा थोडा मिसळून कोंबड्यांना घालायचा बेत होता. त्याची आई, रंभाबाई, उपटलेले कंद पाहून नाक मुरडू लागली.

"हे काय लाकडं आणून ठेवले गा?"

"अवं माय, तुह्या उपासाचा साबुदाणा याच कंदाचा बनते," सुशील म्हणाला. झालं! म्हातारीने कंदांना हातच जोडले.

अर्धवट सांगायची सुशीलला जुनी खोड. ही जात कडू होती. सोलून, कापून, चार दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय तिचं विष उतरत नाही, हे त्याला पाठ होतं. म्हणून तर काप वाळत घातलेल्या ताडपत्रीशेजारी त्याने खडूने पाटी लिहिली: 'काप ओले आहेत. कोंबड्यांना देऊ नये.' मजुरांनाही दहादा बजावलं. आईला कशाला सांगायचं? ती थोडीच कोंबडी होती!

दुसऱ्याच दिवशी संकष्टी आली. सुशील धरमपेठेत अंडी पोचवून दुपारी परतला, तर रंभाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी पडलेली. लुगडं उलटीने भरलेलं, श्वास धापा टाकल्यासारखा. चुलीवरच्या कढईत जिरं-मिरचीत परतलेले काप उरले होते. ते पाहताच सुशीलने आईला उचललं. अंड्यांच्या गाडीत आईला निजवून त्याने नागपूर गाठलं. वाटेत तो तिला हाका मारत होता आणि ती ओ देत नव्हती.

दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने स्वतःला नाही नाही त्या शिव्या घातल्या. चारशे कोंबड्यांची काळजी वाहिली, आणि जन्म देणारीला एक वाक्य सांगायला त्याची जीभ झिजत होती.

तिसऱ्या सकाळी रंभाबाईने डोळे उघडले. सुशीलला रडूच फुटलं.

"माय, पाटी नाही वाचली काय वं?"

"वाचली ना," ती कशीबशी म्हणाली. "दोन कोंबड्या आल्या होत्या ताडपत्रीवर. हाकलल्या म्या. तुह्या कोंबड्याइले एक काप नाही खाऊ देल्ला."