परातीतला प्रीअँप

१९९४च्या उन्हाळी सुट्टीत बुद्धघोषनं आईची परात पळवली आणि तिला भोकं पाडली.

तो अंथुर्ण्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि राहायचा इंदापुरात. घरात रेकॉर्डप्लेअर होता, अँप्लिफायर होता, पण रेकॉर्डचा बारीक आवाज अँप्लिफायरपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जीव जातो, असं त्याचं म्हणणं. मध्ये व्हॉल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, प्रीअँप बसवला की आवाज गोड होतो, हे त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

"म्हंजे सायबाला सांगाया आदी शिपायाला सांगायचं," शकुबाई म्हणाली. "आन् त्यासाठी माजी परात?"

"अ‍ॅल्युमिनियम लागतं, आई. पालथी घातली की बरोबर बसतं."

व्हॉल्व्ह मिळाले बारामतीत. तिथल्या गेणूआबांनी तंबूतल्या सिनेमात तीस वर्षं मशीन चालवलं होतं. तंबू मोडीत निघाला तेव्हा त्यातला अँप्लिफायर त्यांनी घरी आणून ठेवला होता. त्यातले काचेचे दोन व्हॉल्व्ह त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिले आणि अट घातली, "पैला आवाज मी ऐकणार."

महिनाभर घरात तारा जोडायच्या डाखाचा धूर होता. अंजली, बुद्धघोषची बायको, सरकारी दवाखान्यात नर्स. परातीखाली अडीचशे व्होल्ट फिरतात हे कळल्यावर तिनं त्या टेबलाभोवती खडूनं रेघ मारली आणि सासूला बजावलं, "आत्या, हिच्या आत पाय न्हाय टाकायचा."

एका रविवारी सकाळी सगळं जमून आलं. गेणूआबा एसटीनं आले, चहा घेऊन खुर्चीत बसले. व्हॉल्व्ह तांबूस पेटले. बुद्धघोषनं बासरीची रेकॉर्ड लावली आणि श्वास रोखून उभा राहिला.

गेणूआबा मान डोलवू लागले. "बासरी बरी हाय. पर ढोलकी लई झ्याक."

बुद्धघोषनं त्यांच्याकडं पाहिलं. मशीनशेजारी राहून आबांचे कान मंद झालेत हे त्याला ठाऊक होतं. रेकॉर्डवर नुसती बासरी होती. पण आता त्यालाही ऐकू आलं. टण्ण, टण्ण, टण्ण. ठेका पक्का होता.

त्यानं सुई उचलली. बासरी थांबली. ढोलकी चालूच.

तो स्वयंपाकघरात गेला. जमिनीत पुरलेल्या उखळात शकुबाई मिरची कांडत होती. मुसळ खाली आलं की बाहेर स्पीकर वाजायचा. बुद्धघोषनं परत येऊन व्हॉल्व्हला पेन्सिलीनं हळूच टिचकी मारली. स्पीकरमधून घंटा वाजल्यागत आवाज आला.

"जुना हाय त्यो," गेणूआबा शांतपणे म्हणाले. "आतल्या तारा ढिल्या झाल्यात. हादरा बसला की बोलतो. तंबूत लोकांच्या गोंगाटात कळायचं न्हाय."

शकुबाई मुसळ घेऊन दारात आली होती. "म्हंजे मी वाजतीया व्हय?"

"तूच वाजतीयास. थोडं थांब, आई."

"मिरची पावसाच्या आत कांडाया पायजे. तुज्या बासरीला कंची मुदत हाय?"

ती आत गेली आणि या वेळी मुद्दाम आडताल धरला.

दुसऱ्या दिवशी शेजारची तुळसा आपली पाच किलो मिरची घेऊन हजर. दोघी समोरासमोर बसल्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. बाहेर स्पीकरवर दुहेरी ठेका. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. खकाण्यानं सगळ्यांना शिंका येत होत्या, पण उठायला कुणी तयार नव्हतं. बुद्धघोष ओला रुमाल नाकाला बांधून परातीखाली उशी सरकवत होता, मग गोधडी, मग गोणपाट. ठेका जरा मऊ झाला, एवढंच.

दवाखान्यातून आलेल्या अंजलीनं हा सगळा थाट पाहिला. नवऱ्याचे डोळे मिरचीनं लाल झाले होते, की रडून, हे तिला सांगता आलं नसतं.

"निरवांगीच्या रस्त्यानं लशीच्या बाटल्या न्यायच्या असतात मला," ती म्हणाली. "जीपमधे खोकं ठेवलं की फुटतात. मी सायकलच्या ट्यूबचे पट्टे बांधून खोकं लोंबतं ठेवते. अजून एक फुटली न्हाय."

बुद्धघोष तडक सायकलच्या दुकानात गेला. फाटकी ट्यूब आणली, पट्टे कापले, परातीची भोकं मोठी केली आणि दोन्ही व्हॉल्व्ह रबरावर झुलते बसवले. त्यात दोन दिवस गेले. मग बारामतीला निरोप धाडला.

गेणूआबा आले. आत मुसळं चालूच होती. बुद्धघोषनं सुई टेकवली. स्पीकरमधून नुसती बासरी. वाजवणारा मध्येच श्वास घेतो तेही ऐकू येत होतं.

आबा पुढं सरकले. कानामागं हात धरला.

"तीस वर्सं मशीनच्या खोलीत काढली," ते म्हणाले. "गाणं कायम खडखडाटातनं ऐकलं. आसं असतंय व्हय?"

बुद्धघोषनं आवाज थोडा वाढवला.

आतली मुसळं कधी थांबली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शकुबाई आणि तुळसा लाल हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि खडूच्या रेघेबाहेर मांडी घालून बसल्या. बाजू संपली तशी आबांनी बोटानंच खूण केली, उलटी कर. सव्वापाचची बारामती गाडी त्यांनी जाऊ दिली, आणि अंजलीनं न विचारता भाताला एक मूठ तांदूळ जास्त घेतला.