अर्जाचं अक्षर

रत्नाने खासगी शाळेच्या व्हॅनचं दार घट्ट धरून ठेवलं.

"ताई, हात काढा. ओतूरला पोचायला उशीर व्हतोय," ड्रायव्हर म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "कुशाबा, आज सभा हाय. तेवढी व्हऊ द्या, मग न्या नातीला."

कुशाबांनी नातीला आत बसवलं. "तू शाळा समितीची अध्यक्ष, तुझं बरोबर हाय. पण दुसरीत गेली पोरगी, तिला काना-मात्रा कळंना. तिनं किती थांबायचं?"

व्हॅन गेली. वस्तीवरच्या शाळेचा पट नऊवर आला.

दोघांपैकी एका गुरुजींची जूनमध्ये बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. रत्ना चार वेळा जुन्नरच्या शिक्षण कचेरीत जाऊन बसली. आधी पट वाढवा, एवढंच उत्तर. आता तर शाळा बंद करायला समितीची संमती मागणारं पत्र आलं होतं. पुढची शाळा येडगावच्या अंगाला तीन किलोमीटर, सगळी वाट उसातून. दिवाळीत त्याच वाटेवर बिबट्याने वासरू ओढून नेलं होतं.

पायरीवर हौशीराम धुतलेला सदरा घालून बसला होता. रोजंदारीवर जाणारा माणूस, आजचा खाडा करून आलेला. त्याच्या दोन मुली याच शाळेत.

"तुमी हाय म्हणून मी निवांत हाय, अध्यक्षबाई."

ती आत गेली. भगवंत गुरुजींनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज. विद्यार्थिनी रत्नाचीच लेक वृषाली, इयत्ता तिसरी. खाली रत्नाच्या नवऱ्याची, समाधानची सही.

"सकाळीच देऊन गेले. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावा. वृषालीचं नाव कमी झालं, की तुम्हालाही समितीवर राहता येणार नाही."

कागद चुरगळायला रत्नाने मूठ वळली, आणि तिची नजर अक्षरावर पडली. सुबक, सरळ रेघेत, एकही वेलांटी न चुकलेलं. समाधानला सहीपलीकडे लिहायचा कंटाळा.

'गुरुजी चार वर्गांना एकटेच आहेत. मी रोज लहान मुलांना बाराखडी शिकवते. मला पण शिकायचे आहे.'

बाहेर ओसरीत वृषाली हौशीरामच्या धाकटीकडून अक्षरं म्हणवून घेत होती. आवाज बसलेला. दोन महिने रत्ना दारोदार फिरली होती, शाळेबद्दल प्रत्येकाला विचारलं होतं. घरातल्या पोरीला विचारायचं राहून गेलं होतं.

तिने कागद तळव्याने सपाट केला.

"दाखल्यावर तारीख उद्याची टाका, गुरुजी."

"आणि आज?"

"आज मी अध्यक्ष हाय. ठराव ल्ह्या. शाळा बंद करायला आमची संमती न्हाई, आन दुसरे गुरुजी पायजेत. पयली सही माझी."

सभेला चौघेच आले. हौशीरामने शेवटी अंगठा उठवला आणि शाई सदऱ्याला लागू नये म्हणून हात लांब धरून उभा राहिला.

"पुढल्या मिटिंगला कवा येऊ, अध्यक्षबाई?"

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.

"गुरुजी कळवतील," रत्ना म्हणाली.